परिमल यांचा दहावा

लेखक जातो तेव्हा त्याचा प्रत्येक वाचक पोरका होतो. हे वाक्य मी आयुष्यभर शोकसभांमधून ऐकत आले आहे. कॉलेजात ग्रंथपाल असल्यामुळे खुर्च्या आवरून होईपर्यंत मला थांबावंच लागे, त्यामुळे प्रत्येक वक्त्याच्या तोंडून ऐकलं. दोनदा मी स्वतःही ते बोलले आहे. त्यातल्या एका लेखकाचं मी काहीच वाचलेलं नव्हतं. आमच्या पुणतांब्यात ‘परिमल’ वारल्याची बातमी आली तेव्हा गावात जेवढे लोक पोरके झाले ते सगळे स्टेशनावरच्या एका बाकावर मावत होते, आणि त्यातल्या एका बाईला वाचता येत नव्हतं.

ती बाई म्हणजे माझी आई. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, रेल्वेत पॉइंट्समन होते. गाडी कोणत्या रुळावर घ्यायची ते स्टेशनमास्तर ठरवत आणि ती त्या रुळावर जाईल हे दादा बघत. आम्ही राहायचो स्टेशनाला लागून असलेल्या क्वार्टरमध्ये. गावात आमच्या लोकांची वस्ती एका अंगाला होती, तशी ती सगळ्याच गावांत असते. पण क्वार्टर वाटताना कोणाला कुठे ठेवावं याचा रेल्वेने फारसा विचार केलेला नव्हता. त्यामुळे आमच्या एका बाजूला गेटमन पठाणचाचा आणि दुसऱ्या बाजूला बुकिंग क्लार्क जोशी असा शेजार होता, आणि तिघांच्या घरातल्या फोडण्यांचे वास एकमेकांत मिसळून व्हरांड्यात फिरत असायचे. गाडी येते आहे हे घंटेच्या आधी आईच्या तव्याला कळायचं. चुलीवरचा तवा बारीक थरथरायला लागला की ती भाकरी उलटता उलटता म्हणायची, “आली बघ.” मालगाडी असेल तर पाण्यावर ठेवलेलं झाकणही वाजायचं. रविवारी आई हुलग्याचं शेंगोळं करायची. पिठाची वळलेली कडबोळी रश्श्यात शिजताना जो वास येतो तो मला अजूनही सुट्टीचा वास वाटतो. आता डॉक्टरांनी मला हुलगा बंद केला आहे, आणि सुट्टी तर रोजचीच आहे.

रविवारी दुपारी सोपानतात्या यायचे. ते गावातले मोठे बागायतदार, ऊस आणि पेरूची बाग. पेरूच्या करंड्या गाडीने पाठवायला ते पहिल्यांदा स्टेशनावर आले तेव्हा गाडीला उशीर होता आणि दादा लिंबाखालच्या बाकावर बसून ‘परिमल’ यांची कादंबरी वाचत होते. तात्यांनी विचारलं, “काय वाचतोस?” दादांनी मुखपृष्ठ दाखवलं. तात्या म्हणाले, “हिच्यात म्हातारा मरतो का रं? मी निम्मीच वाचली, बाकीची वाळवीनं खाल्ली.” मैत्री तिथून सुरू झाली. मग रीतच पडली. तात्या कोपरगावहून नवं पुस्तक आणायचे आणि रविवारी करंड्या चढवून झाल्या की बाकावर बसायचे. आधी दादा मोठ्याने वाचायचे, पण मालगाडी आली की त्यांना उठून जावं लागे आणि वाक्य अर्धंच राहायचं. म्हणून मला पाचवीत नीट वाचता यायला लागल्यावर ते काम माझ्याकडे आलं. आई थोडी पलीकडे धान्य निवडत बसायची आणि ऐकत नसल्यासारखं करायची. मी एखादी ओळ गाळली तर मात्र सूप थांबायचं.

नियम एकच होता: पुढचं कोणी एकट्याने वाचायचं नाही. म्हणून पुस्तक राहायचं बत्तीखोलीत, सिग्नलचे कंदील ठेवतात तिथे, दादांच्या कुलपात. लेखकाचं टोपणनाव अत्तराच्या दुकानासारखं, पण त्याच्या सगळ्या पुस्तकांना आमच्याकडे रॉकेलचा वास यायचा. ती कोणाच्या घरी का ठेवली नाहीत, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. तात्यांच्या वाड्यावर दादा ओसरीपर्यंत जात. आमच्या क्वार्टरला तात्या दारापर्यंत येत. त्याबद्दल दोघंही कधी बोलले नाहीत. प्लॅटफॉर्म सरकारी होता.

‘परिमल’ कोण, कुठले, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पुस्तकावर आडनाव नसे, फोटो नसे, फक्त नगरच्या एका छापखान्याचं नाव. (तेव्हा नगर म्हणजे नगर. आता जिल्ह्याचं नाव बदललं आहे. एसटीतले लोक अजून नगरचंच तिकीट मागतात आणि कंडक्टर देतो.) पण माहिती नसणं आणि खात्री असणं यात काही विरोध नसतो. एका कादंबरीत एक माणूस विहिरीशी घागर घेऊन उभा आहे आणि कोणी तरी येऊन आपल्याला पाणी वाढेल याची वाट पाहतो आहे, असं एक पान होतं. त्यात राग नव्हता, रडणं नव्हतं. फक्त सावली घागरीवरून सरकत कुठवर गेली एवढंच लिहिलं होतं. दादांनी ते पान मला दोनदा वाचायला लावलं आणि नंतर बराच वेळ रुळाकडे बघत बसले. दुसऱ्या एका पुस्तकात दोन भाऊ नांगरताना थोडा थोडा करून एकमेकांचा बांध कोरतात आणि शेवटी बांध इतका बारीक होतो की त्यावरून मुंगीसुद्धा जपून चालते. ते ऐकून तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांचं भावाशी काय झालं होतं ते गावाला माहीत होतं. आणि एका गोष्टीत रुळाशेजारी राहणाऱ्या बाईला तव्यावरून गाडी कळते, असं आलं होतं. आई तेव्हा पहिल्यांदा आमच्या बोलण्यात पडली. म्हणाली, “ह्याची आई रेल्वेतली असणार.”

माझी खात्री सांगायची तर ती इतरांपेक्षा जास्त होती. मला वाटायचं, हा माणूस माझ्यासाठीच लिहितो आणि बाकीचे तिघे माझ्या जीवावर ऐकतात. त्या वयात माझ्याशी कोणी मोठं माणूस पुरतं वाक्य बोलत नव्हतं. “पाणी आण”, “दार लाव”, “गप बस”, इथवरच सगळ्यांचं व्याकरण. हा एकटा लांब लांब वाक्यं बोलायचा, आणि ती माझ्याच तोंडून.

बातमी आली ती नगरच्या वर्तमानपत्रातून, शिळी होऊन. पेपर गाडीने यायचा आणि आधी जोशी, मग चाचा, मग आम्ही असा फिरायचा. साखरेच्या भावाखाली चार ओळी होत्या. ज्येष्ठ कादंबरीकार ‘परिमल’ यांचं अल्पशा आजाराने निधन, त्यांच्या पश्चात एक बहीण आहे, एवढंच. ही बातमीही मीच मोठ्याने वाचली, कारण वाचण्याचं काम माझं होतं. हल्ली कुठलाही लेखक गेला की पाच मिनिटांत माझ्या मोबाईलवर जोडलेल्या हातांची चित्रं यायला लागतात, आणि ती पाठवणारे तेवढ्याच तत्परतेने त्याच्या खाली गहू साठवायच्या पावडरीची जाहिरात पाठवतात. त्या दिवशी मात्र आमच्या खोलीत कोणीच काही केलं नाही. दादांनी पेपर घेतला, स्वतः वाचला आणि घडी घालून परत दिला. आईने शेंगोळ्याचं पातेलं अर्धंकच्चं उतरवलं आणि चूल विझवली. थोड्या वेळाने तिने विचारलं, “आपल्याला सुतक लागतं का हो?”

“आपण सुतक पाळत नाही,” दादा म्हणाले. “धम्म घेतला तेव्हाच सोडलं.”

“मग माझ्यानं चूल का पेटववत नाही?”

त्या दिवशी आम्ही सकाळची भाकरी आणि ठेचा खाल्ला. मला रडू आलं नाही. मी बत्तीखोलीच्या खिडकीतून आत बघून आले. आम्ही वाचत होतो ती कादंबरी कंदिलांच्या रांगेमागे होती, आणि पाऊण पुस्तकाच्या जरा पुढे खुणेचं जुनं तिकीट बाहेर आलेलं दिसत होतं. तिथवर तो माणूस आमच्याबरोबर होता. पुढची पानं लिहिलेली होती, छापलेली होती, शिवलेली होती. तरी मला वाटलं, आता तिथे कोणी नाही. मरणाची कल्पना मला आली ती अशी. आजी गेली तेव्हा आली नव्हती, कारण आजी गेली तेव्हा घरात खूप माणसं होती.

संध्याकाळच्या आत तात्या आले. अनवाणी होते, डोक्याला टोपी नव्हती. बाकावर बसले. दादांनी मला पुस्तक काढून दिलं. बहुतेक त्यांच्या मनात पुढचं वाचावं असं होतं. पण तात्यांनी हात वर केला.

“बाबूराव, पेपर पाह्यला?”

“पाहिला.”

“एक बहीनच हाय म्हनं मागं. पोरगं न्हाई, पुतन्या न्हाई. मग पिंड कोन देनार?”

दादा बाकाच्या टोकाला बसले.

“मी देतो,” तात्या म्हणाले. “आपली गोदावरी हाय, घाट हाय. त्या मान्सानं आपल्याला लई दिलं. दहावा आपन करू. तू बी बस माझ्या संगं.”

“तात्या, मी पिंड देत नाही. तुम्हाला माहीत आहे. बापालासुद्धा नाही दिला.”

“तुझ्या बापाचं तुझ्यापाशी. ह्याचं ह्याच्या रीतीनं व्हायला नगं?”

“त्याच्याच रीतीचं बोलतोय मी. त्याला चालणार नाही ते. तो आमच्यातला होता.”

तात्या आधी हसले. दादा थट्टा करताहेत असं त्यांना वाटलं असावं. मग ते हसायचे थांबले. “तुमच्यातला? कोन म्हनलं?”

“विहिरीचं पान आठवा. घागर घेऊन जो उभा राहिलाय त्यालाच ते लिहिता येईल.”

“आन् बांधाचं पान? जिमीन असल्याबिगर ते कळतं व्हय?”

“जमीन नसलेल्याला बांध जास्त दिसतो, तात्या.”

आईचं सूप थांबलं होतं. तात्यांचा चेहरा लाल झाला. बागायतदार माणूस, चावडीवर त्यांचा शब्द खाली पडत नसे. आणि इथे शब्दाला शब्द येत होता. “आन् भाषा?” ते म्हणाले. “तुमच्यातला असता तर इतकं सुद्द लिव्हलं असतं का त्यानं?”

बोलल्याबरोबर त्यांना ते कळलं. मला ते दिसलं, कारण त्यांनी लगेच जमिनीकडे पाहिलं. दादांनी माझ्या मांडीवरचं पुस्तक उचललं, तिकीट नीट आत सरकवलं, बत्तीखोलीत ठेवलं आणि कुलूप लावलं. मग शांतपणे म्हणाले, “चला तात्या, गाडीची वेळ झाली.”

तेव्हा कुठलीही गाडी नव्हती. तात्यांना वेळापत्रक पाठ होतं. ते उठले आणि रूळ ओलांडून गेले.

पुढचा रविवार आला तेव्हा तात्यांच्या करंड्या गड्याने आणल्या. दादांनी त्या चढवल्या, पावती दिली, आणि बाकाकडे न बघता घरी येऊन झोपले. आई धान्य घेऊन बसलीच नाही. मला लेखकापेक्षा आता त्या बाकाची धास्ती वाटत होती. लेखक मेल्यावर पुस्तकं उरतात असं सगळे म्हणतात, पण आमची पुस्तकं कुलपात होती. ती एकट्याने वाचायची नाहीत असा नियम होता, आणि चौघं एकत्र येण्याचं चिन्ह नव्हतं. दादा किल्ली करदोट्याला बांधून फिरत होते.

दहाव्याला आई मला घेऊन घाटावर गेली. दादांनी विचारलं तेव्हा म्हणाली, “मला कोणी पिंड द्यायला बसवत नाही. बघून येते.” पुणतांब्याचा घाट म्हणजे दहाव्याचं मोठं ठिकाण; लांबलांबून लोक येतात. आता तिथे मांडव, लाऊडस्पीकर, मृताच्या फोटोइतकाच मोठा पुढाऱ्याचा फोटो असलेले फ्लेक्स, असं सगळं असतं. तेव्हा नुसता पुढारी असायचा. तात्या पायरीवर बसले होते आणि न्हावी त्यांची मिशी काढत होता. डोकं आधीच झालं होतं. त्या मिशीसाठी तात्या नगरहून मेण आणायचे. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, बाजूला हाताची घडी घालून उभ्या होत्या आणि कोणालाही ऐकू जाईल असं म्हणत होत्या, “सख्खा चुलता मेला तवा निस्ती दाढी करून आले हुते. आन् आता बघा!” येणारा प्रत्येक जण विचारत होता, कोण गेलं? “परिमल,” तात्या सांगायचे. “म्हंजे मामाकडचे का?” असा पुढचा प्रश्न यायचा. तात्या मान हलवायचे. ती होकाराची होती की नकाराची, ते विचारणाऱ्याने ठरवायचं.

गुरुजींना आणखी दोन दहावे उरकायचे होते. त्यांनी विचारलं, “मृताचं नाव?”

“परिमल.”

“वडिलांचं?”

“म्हाईत न्हाई.”

“गोत्र?”

तात्यांनी काकूंकडे पाहिलं.

“कश्यप धरतो,” गुरुजी म्हणाले. ज्याचं माहीत नाही त्याचं कश्यप, अशी सोय शास्त्रात आहे. “अहो, पण मग तुम्हाला माहीत तरी काय आहे त्यांचं?”

“पुस्तकं,” तात्या म्हणाले. “समदी.”

तेवढ्यात साखर कारखान्याचे एक संचालक मोटारीतून उतरले. ते सगळ्याच दहाव्यांना जात; तोच त्यांचा मतदारसंघ होता. त्यांना कोणी तरी खुर्ची दिली, कानात नाव सांगितलं आणि ते बोलायला उभे राहिले. परिमलताईंच्या जाण्याने तालुक्याच्या सहकार चळवळीची न भरून येणारी हानी झाली आहे, ताईंचा स्वभाव अत्यंत मायाळू होता, ताईंच्या हातचा चहा आपण स्वतः घेतला आहे, असं ते म्हणाले. तात्यांनी त्यांना अडवलं नाही. ते भाताच्या पिंडाकडे बघत होते. पिंड पायरीवर मांडला होता आणि सगळे मागे सरकून कावळ्याची वाट बघत होते.

कावळे समोरच्या झाडावर होते. पण खाली येत नव्हते. सकाळपासून त्यांना पुष्कळ पिंड झाले असावेत. अशा वेळी मृताची कसली तरी इच्छा राहिली आहे असं धरतात आणि घरची माणसं मोठ्याने तिला वचन देतात: तुझ्या पोरीचं लग्न करू, तुझ्या म्हशीला बाजार दाखवणार नाही. लोक तात्यांना म्हणाले, “बोला काहीतरी.” तात्यांनी हात जोडले. भादरलेल्या डोक्याने, मिशीवाचून, ते एकदम कोणी तरी दुसरेच दिसत होते. वयाने लहान आणि वयाने मोठे, दोन्ही.

“राह्यलेली कादंबरी पुरी करू,” ते म्हणाले.

कावळा आला नाही.

“बाबूरावाची पोर वाचील. बाबूराव, मी, समदे बसून ऐकू.”

झाडावर हालचाल नाही. तात्यांनी मागे वळून पाहिलं. घाटावर निम्मं गाव होतं, त्यांचे भाऊबंद होते, संचालक होते.

“मी बाबूरावाला वंगाळ बोललो,” तात्या म्हणाले. “ते चुकलं माजं. ते मी परत घेतो.”

आईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. सगळे झाडाकडे बघत होते. मी आयुष्यभर अशा गोष्टींवर विश्वास ठेवलेला नाही, पण त्या क्षणी मी त्या कावळ्यांना मनातल्या मनात फार विनवलं. ते आले नाहीत. शेवटी गुरुजींनी घड्याळ बघितलं, दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला आणि पुढच्या दहाव्याला गेले.

घरी आल्यावर आईने भाकरी थापता थापता दादांना सगळं सांगितलं. तिने काही वाढवलं नाही आणि काही गाळलं नाही. ऐकून ऐकून तिला ती शिस्त लागली होती. दादा भिंतीला टेकून ऐकत होते.

“सगळ्यांसमोर बोलले?”

“संचालकासमोर.”

“कावळा आला?”

“नाही. दर्भाचा केला.”

दादांनी करदोट्याची किल्ली सोडून हातात घेतली. मग म्हणाले, “म्हणजे माणूस कावळ्यासाठी बोलला नाही.” ते कसं, हे मला कळायला बरीच वर्षं गेली, आणि अजूनही मला ते पुरतं पटलेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी दादा तात्यांच्या वाड्यावर गेले आणि ओसरीखाली उभे राहून म्हणाले, “मला रेल्वेचा पास आहे. नगरला जाऊ. माणूस कोण होता ते बहिणीला विचारू. तुमच्यातला निघाला तर मी ऐकून घेईन.”

“आन् तुमच्यातला निघाला तर मी,” तात्या आतून म्हणाले.

मला नेलं, कारण ज्या अर्थी पुस्तकांचा विषय होता त्या अर्थी मी लागणारच, असं दोघांनी न बोलता धरलं होतं. छापखान्यातल्या माणसाने एका गल्लीचं नाव सांगितलं. घर लहान, स्वच्छ, पुढे तुळस नसलेलं अंगण. दार उघडलं ते पांढऱ्या लुगड्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी. आत भिंतीवर क्रूस होता.

दादांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी दादांकडे पाहिलं. बाईंचं नाव एस्तरबाई. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, आम्ही कोण ते न विचारता चहा टाकला आणि सांगितलं की योना, म्हणजे त्यांचा भाऊ, मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. चर्चमध्ये प्रार्थना झाली आणि नीट दफन झालं. चहाचा कप समोर आला तेव्हा तात्यांचा हात क्षणभर मांडीवरच राहिला. दादांनी ते बघितलं. मग तात्यांनी कप उचलला आणि बशीत न ओतता तसाच तोंडाला लावला, त्यामुळे जीभ भाजली.

एस्तरबाई त्यांच्या डोक्याकडे बघत होत्या. “तुमच्या घरी कोणी गेलं का?”

“व्हय,” तात्या म्हणाले.

“कोण?”

तात्यांनी दादांकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, कपात पाहिलं. “घरातलंच मानूस हुतं,” ते म्हणाले, आणि तिथे, त्या परक्या खोलीत, ते रडायला लागले. दादा उठून खिडकीशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मला आतापर्यंत न आलेलं रडू तेव्हा आलं. एस्तरबाईंनी तात्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून प्रार्थना म्हटली. तात्यांच्या कोण्या तरी नातेवाइकासाठी. त्या प्रार्थनेत भावाचं नाव नव्हतं, आणि आम्ही तिघांनीही तिला आमेन म्हटलं.

नंतर दादांनी जे विचारायचं होतं ते विचारलं. परिमल पुणतांब्याकडे कधी येऊन राहिले होते का? खेड्यात वाढले का? रेल्वेत कोणी होतं का?

“छे,” एस्तरबाई म्हणाल्या. “योना कुठे जायचाच नाही. गाडी लागायची त्याला. एसटी म्हणू नका, टांगा म्हणू नका. एकदा लग्नाला पुण्याला निघालो, तर वेशीवरच्या केडगावातच उतरून घरी आला.”

“मग त्यांना हे सगळं कळलं कसं?”

“औषधाच्या पुड्या बांधताना लोक बोलतात,” त्या म्हणाल्या. “दवाखान्यात सगळेच येतात. तो मान खाली घालून ऐकायचा. मला नाही हो आवडायचं, दुसऱ्यांचं असं लिहिणं. मी काही वाचलं नाही त्याचं.”

त्यांनी आम्हाला कबरीकडे नेलं. ताजा मातीचा उंचवटा, अजून दगड नव्हता. तिथे काय करायचं असतं ते आम्हाला कोणालाच येत नव्हतं. दादांनी हात जोडले आणि मनात त्रिशरण म्हटलं असावं, कारण ओठ हलत होते. तात्यांनी पिशवीतून आणलेल्या पेरूंतला एक काढून मातीवर ठेवला. एस्तरबाई म्हणाल्या, “तिथं नका ठेवू, शेळ्या शिरतात.” तात्यांनी तो उचलला, धोतराला पुसला आणि परत पिशवीत टाकला.

परतीच्या पॅसेंजरला गर्दी नव्हती. वांबोरीपर्यंत दोघं खिडकीबाहेर बघत होते. मग तात्या म्हणाले, “तुमच्यातला न्हाई निघाला.”

“तुमच्यातलाही नाही.”

“मंग आता कुनी कुनाचं ऐकून घ्यायचं?”

दादांनी खांद्यावरची पिशवी उघडली. त्यांनी पुस्तक बरोबर आणलं होतं हे मला माहीत नव्हतं. त्यांनी ते माझ्या हातात दिलं. मी तिकीट काढलं आणि खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यात पान अंगठ्याने दाबून वाचायला लागले. राहुरीला एक भाजीवाली चढली, तीही ऐकत बसली. बेलापूरला एकजण “हां, मग?” म्हणाला. मी कधी वाचलं नव्हतं इतकं चांगलं वाचत होते. आवाज एकदाही अडकला नाही. चितळी मागे पडलं तेव्हा शेवटचं प्रकरण लागलं. त्यात हरवलेला भाऊ मिलिटरीतून परत आला, सावकाराला पश्चात्ताप झाला, आंधळ्या म्हातारीला दिसायला लागलं, आणि कोरड्या विहिरीला एका रात्रीत पाणी लागलं. मी पुस्तक मिटलं.

“ह्ये काय झालं?” तात्यांनी विचारलं.

दादा म्हणाले, “घाई झाली असेल. आजारी होते ना.”

“आजारी हुता म्हनून समद्यांनाच बरं करायचं?”

“नाही, शेवट फसला,” दादा म्हणाले.

“फसला,” तात्या म्हणाले, आणि पुणतांबं येईपर्यंत दोघं तो कसा करायला हवा होता यावर बोलत राहिले. भाजीवालीनेही दोन गोष्टी सुचवल्या.

पुढच्या रविवारी तात्यांनी कोपरगावहून दुसऱ्या एका लेखकाची कादंबरी आणली. ती जास्त चांगली होती.